हडपसरचा क्वेसार

कारखाना बंद पडल्यानंतरही बाबा कितीतरी दिवस डबा घेऊन घराबाहेर पडत होते. आई सकाळी उठून पोळ्या लाटायची, वांग्याची नाहीतर चवळीची भाजी डब्यात भरायची, आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे ते थेट कॉलनीच्या फाटकाशी असलेल्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसायचे. दुपारी तिथेच डबा उघडायचा. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण दुपारी घरात जेवायचं ते रविवारी किंवा आजारपणात, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत होती, आणि आईनेही त्यांना कधी घरी येऊन जेवा असं म्हटलं नाही. संध्याकाळी ते रिकामा डबा मोरीत ठेवायचे आणि हात धुवायचे. हातांना आता ग्रीस नसायचं, तरी बराच वेळ धुवायचे.

आमची कॉलनी हडपसरला, सगळी कामगारांची. बाबा तरुणपणी भंडाऱ्याकडून इथे आले, लेथवर लागले, आणि त्यांच्या मागोमाग तिकडची, आमच्या समाजाची आणखी काही घरं आली. त्यामुळे घरातली भाषा तिकडची आणि शाळेतली इकडची, अशी मी दोन जिभांनी वाढले. रविवारी विहारात वंदना व्हायची, आणि ती संपवून घरी येईपर्यंत आईने बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याचं वाटण भाजायला घेतलेलं असायचं. सुकं खोबरं, खसखस आणि लाल मिरची तव्यावर पडली की शेजारच्या घरात शिंका यायच्या. लहानपणी आमचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा गेला आणि त्या जागी घराघरांतल्या केबलचे आवाज आले, आणि कर्णा लावून फिरणारी एक रिक्षा आली. कॉम्प्युटर शिका, परदेशी जा, असं ती रिक्षा दुपारभर सांगत फिरायची. माझा धाकटा भाऊ मिलिंद तिचं ऐकून क्लासला गेला आणि बघता बघता एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलाही. गळ्यात ओळखपत्र अडकवून तो निघाला की बाकावर बसलेले लोक त्याच्याकडे वळून बघायचे. बाबाही बघायचे.

मी मात्र भौतिकशास्त्र घेऊन बसले होते. एम.एस्सी. झाल्यावर एका संशोधन संस्थेत मला विद्यार्थिनी म्हणून घेतलं, आणि तिथे मी दूरच्या क्वेसारांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवर काम करू लागले. हे घरी समजावून सांगताना माझी त्रेधा उडायची. क्वेसार म्हणजे फार दूरच्या एखाद्या आकाशगंगेचा पोटातला भाग. तिथे एक अवाढव्य कृष्णविवर असतं, आणि त्यात कोसळणारं द्रव्य इतकं तापतं की सगळी आकाशगंगा त्याच्या झळाळीपुढे फिकी पडते. त्यांतले काही क्वेसार जोरदार रेडिओ लहरीही फेकतात. सगळ्यांत दूरच्यांकडून निघालेल्या लहरी आपल्यापर्यंत पोचायला इतका काळ लागतो की त्या निघाल्या तेव्हा आपला सूर्यसुद्धा जन्मला नव्हता. विश्व तेव्हा कोवळं होतं.

"म्हणजे दुर्बिणीतून पाहतेस ते?" बाबांनी एकदा विचारलं होतं.

"डोळ्यांनी नाही बघत बाबा. लहरी पकडतो आणि त्यांचा नकाशा काढतो."

"मग दिसत नाही ते आहे म्हणून कसं सांगता?"

"तुम्ही रेडिओ लावता तेव्हा बातम्या सांगणारा माणूस दिसतो का?"

हे उत्तर त्यांना फार आवडलं. त्यांनी ते पुढे बाकावर सगळ्यांना ऐकवलं. आज मी विद्यार्थ्यांना शिकवताना हेच उदाहरण देते, आणि दर वेळी बाबांचं ते मान डोलावणं मला आठवतं. मग पुढचं वाक्य जरा घाईनेच बोलते.

माझ्या मार्गदर्शक आपटे मॅडम होत्या. बारीक चणीच्या, कडक खादीच्या साडीतल्या, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण चिरले गेलो हे जिना उतरल्यावर कळावं. त्यांनी मला जुन्नरच्या बाजूला शेतांमध्ये उभ्या असलेल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी घेतलेली एक नोंद दिली होती आणि तिचा नकाशा करायला सांगितलं होतं. त्या नकाशात एका कोपऱ्यात मला एक ठिपका सापडला. कमी वारंवारतेवर तो ठळक होता, आणि परदेशातल्या एका दुर्बिणीने त्याच जागेचा जास्त वारंवारतेवर काढलेला नकाशा बघितला तर तिथे काहीच नव्हतं. असं वागणारे स्रोत अनेकदा फार दूरचे निघतात. लहरी जितक्या दुरून येतात तितक्या वाटेत ताणल्या जातात, म्हणून खालच्या पट्ट्यात उरतात आणि वरच्या पट्ट्यात विझतात. मी तो नकाशा घेऊन जवळजवळ धावतच मॅडमकडे गेले.

त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. "असेल," त्या म्हणाल्या. "नसेलही. पुन्हा वेळ मागू, पुन्हा बघू. तोवर आनंद आवरा."

मला तो आवरला नाही. म्हणजे मी संस्थेत कुणाला काही बोलले नाही, पण त्या संध्याकाळी जेवताना बाबा नेहमीसारखे खाली मान घालून भात कालवत होते. त्यांनी सहज विचारलं, "काय चाललं तुझं?" एरवी मी 'चाललंय' म्हणाले असते. त्या दिवशी मी सांगितलं. एक ठिपका सापडलाय, तो कदाचित विश्वाच्या अगदी सुरुवातीचा क्वेसार असेल, कदाचित आजवर दिसलेल्या सगळ्यांत दूरच्यांपैकी एक असेल. बाबांनी हात थांबवला. कारखाना बंद झाल्यापासून त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. आई म्हणाली, "म्हणजे तूच पहिल्यांदा पाह्यलं?" मी हो म्हटलं. ठिपक्याबद्दल सांगताना मी दोनदा 'कदाचित' म्हटलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पण प्रयोगशाळेत त्या शब्दाला जे वजन असतं ते आमच्या ताटापर्यंत येता येता उडून गेलं. आपल्या मुलीने नम्रपणे बोलावं तशी ती बोलते आहे, एवढाच अर्थ त्या दोघांनी घेतला.

बाबांचे बाकावरचे मित्र गायकवाड काका. मूळचे लोणी काळभोरचे, पूर्वी बाबांच्याच खात्यात होते, आणि आता हौसेने एका सायंदैनिकाला आसपासच्या बातम्या पुरवायचे. पाण्याची टंचाई, खड्डे, क्रिकेटचे सामने अशा. पुढे काय झालं ते सांगायला नको. शुक्रवारच्या अंकात आतल्या पानावर माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो आणि वर ठळक अक्षरांत 'हडपसरच्या कन्येने शोधला विश्वाच्या टोकाचा तारा.' कॉलनीत तो अंक हातोहात फिरला. आईने पेढे वाटले. मिलिंदच्या कंपनीतल्या कुणीतरी त्याला थांबवून ही तुझी बहीण का, असं विचारलं, ते सांगताना त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच जरा बिचकून बघितलं.

सोमवारी मॅडमच्या टेबलावर तोच अंक होता. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "मला कळवायचं राहून गेलं वाटतं."

"मॅडम, मी फक्त घरी बोलले होते."

"घरी बोलायलाच हवं. फक्त आपल्या घराला छापखाना आहे याची कल्पना नव्हती." त्यांनी अंकाची घडी घातली. "आणि तारा नव्हे. क्वेसार. तेवढं तरी बरोबर यायला हवं होतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली बघत उभी राहिले आणि त्यांच्या टेबलावरच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता, तोही बघवेना. मॅडमनी मग साध्या आवाजात सांगितलं की दुर्बिणींवर वेळ मिळाला आहे, बुधवारी आपण दोघी जाऊ.

बुधवारी आम्ही गेलो. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या शेतांमध्ये त्या प्रचंड जाळीच्या तबकड्या सगळ्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या होत्या. भर दुपारी, लख्ख उन्हात आम्ही त्या जागेच्या लहरी पकडल्या, कारण या लहरींना दिवस-रात्र सारखीच. नियंत्रण कक्षात बसलेला माणूस वैतागून सांगत होता की आजूबाजूला जो तो नवीन यंत्रं लावतोय, केबलवाले, टॉवरवाले, आणि त्या सगळ्यांची कुजबुज आमच्या कानात शिरते. माझ्या पहिल्या नोंदीतही अशी कुजबुज होती, म्हणून तिच्यातला बराच भाग आम्ही आधीच काढून टाकला होता. या खेपेला नोंद स्वच्छ मिळाली. पुण्यात परतल्यावर मी नकाशा करायला घेतला, आणि शनिवारी सकाळी तो पडद्यावर उमटला. कोपऱ्यात ठिपका नव्हता.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलीने थोड्या अंतरावरचा एक भलताच तेजस्वी स्रोत दाखवला. "याचा शिंतोडा होता तो. पहिली नोंद तुटक होती ना, तुटक नोंदीत तेजस्वी स्रोताचे असे शिंतोडे नकाशाभर उडतात. ते एरवी पुसले जातात, हा राहिला. मलाही ओळखू आला नव्हता." शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की दुसऱ्या दिवशी, रविवारी, विहाराच्या सभागृहात माझा सत्कार आहे.

घरी आले तेव्हा बाबा दारातच शर्टाला इस्त्री करत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते इस्त्री उभी करून ऐकत राहिले.

"म्हणजे ते हललं तिथून?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. ते नव्हतंच."

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "उद्या नको बोलू. लोकं येऊन राहिले, जेवण सांगितलं. उद्या शाल घे, गप बस. नंतर मीच सांगतो सगळ्यायले, एकेकाले." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एवढं कर माह्यासाठी."

मी हो म्हटलं. आणि मी खरंच गप्प बसणार होते.

रविवारी सभागृह भरलं होतं. कारखान्यातले जुने लोक, त्यांच्या बायका, आसपासच्या सोसायट्यांतलेही काही. खिडकीबाहेर मोठ्या पातेल्यात भात शिजत होता, त्याची वाफ आत येत होती. वंदना झाली. माझ्या शाळेतल्या एक बाई बोलल्या. मला शाल दिली. बाबा पहिल्या रांगेत होते, हात मांडीवर ठेवून, जणू त्यांचाच फोटो काढायचा आहे. मग गायकवाड काका माइकवर आले आणि त्यांनी दोघांना खूण केली. ते दोघे कापडात गुंडाळलेला एक पत्र्याचा बोर्ड घेऊन व्यासपीठावर आले. कापड काढलं. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'क्वेसार शोधणाऱ्या कन्येची कॉलनी.'

"उद्या ह्यो बोर्ड फाटकावर लागंल," काका म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्याला कळाया पायजे, हितं कोण राहतंय ते."

टाळ्या झाल्या. फाटकावर म्हणजे बरोबर बाबांच्या बाकाच्या वर. रोज सकाळी डबा घेऊन ते त्या बोर्डाखाली बसणार, आणि येणारा-जाणारा वाचणार. ते चित्र मला सहन झालं नाही. काकांनी माइक माझ्या हातात दिला आणि मी बोलले. काल आम्ही पुन्हा तपासलं, तिथे क्वेसार नाही, पहिला नकाशा फसवा होता, हा बोर्ड लावू नका, एवढंच. तीन-चार वाक्यं असतील. मी माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही.

मागून एका बाईंनी शेजारणीला विचारलं, "म्हणजे सापडलंच नाय?" आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. सोसायटीतला एक गृहस्थ उठून चप्पल शोधू लागला. जाता जाता तो शेजाऱ्याला म्हणाला, "यांना नावाची फार घाई असते." तो फार मोठ्याने बोलला नव्हता. पण 'यांना' म्हणजे कोणाला, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं. माझ्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याने मागच्याच महिन्यात भर चर्चासत्रात दशांश चिन्ह चुकवलं होतं. सगळे हसले, चहा झाला, संध्याकाळपर्यंत विसरलेही. त्याची चूक त्याच्या एकट्याची होती. माझी मात्र पहिल्या रांगेपासून दारापर्यंत सगळ्यांच्या अंगावर उडाली होती, आणि ज्यांनी मला शाल पांघरली ते आता आपल्या हातांचं काय करावं ते न कळून बसले होते.

बाबा उठले. ते व्यासपीठाकडे आले नाहीत, जागेवरूनच वळून म्हणाले, "जेवून जा सगळे. भात झाला आहे." मग ते बाहेर गेले आणि पंगत संपेपर्यंत स्वतः वाढत राहिले. माझ्या पानापुढे आले तेव्हा त्यांनी भात वाढला आणि पुढे गेले. बोर्ड कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

त्या दिवसानंतर बाबा बाकावर गेले नाहीत. दुपारी घरात जेवू लागले. आई ताट वाढायची आणि आत निघून जायची. मला त्या ताटाकडे बघवायचं नाही. त्यांना मी सगळ्या गावापुढे उघडं पाडलं होतं, तेही त्यांनी एवढी एक गोष्ट मागितलेली असताना. मिलिंद म्हणाला, "ताई, सोड ते आता. आमच्याकडे परीक्षा दे, तुला सहज घेतील." मी अर्ज करणारही होते. पण मॅडमनी एका सकाळी विचारलं, "तो भाग लिहून झाला का?"

"कोणता मॅडम?"

"तिथे काही नाही, हा. तेही छापावं लागतं. नाहीतर आणखी कुणीतरी त्याच कोपऱ्यात आनंद करत बसेल."

मी ते लिहिलं आणि तिथेच राहिले. अर्ज केला नाही. घरी मात्र कामाचं बोलणं संपलं. बाबा विचारत नसत आणि मी सांगत नसे. त्यांना माझी लाज वाटते, हे मी धरूनच चालले होते, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असंही मला वाटत नव्हतं.

एक-दोन वर्षांनी स्वारगेटच्या बाजूला एका नात्यातल्या लग्नाला बाबा आणि मी गेलो होतो. दुपारचं लग्न. आईला ताप होता म्हणून ती आली नव्हती. मी ताट घेऊन उभी होते, आणि पाठमोरे बाबा नागपूरकडच्या एका पाहुण्याशी बोलत होते. पाहुण्याने विचारलं, "पोरगी काय करते?"

"कॉम्प्युटरमध्ये आहे," बाबा म्हणाले.

"अरे वा. दोघंही कॉम्प्युटरमध्ये." पाहुण्याला त्यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या काळात त्या एका शब्दाने सगळं भागायचं. तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली. "कोणत्या कंपनीत वो तू?"

बाबा वळले. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. सभागृहात माइक हातात असताना मी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, पण तेव्हा तो असाच झाला असणार.

"मिलिंदच्याच," मी म्हणाले.

परतताना बसमध्ये आम्हाला मागचं बाकडं मिळालं. हडपसरचा रस्ता तेव्हाही तुंबलेला असायचा, बस रांगत होती. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"खोटं बोललीस," ते म्हणाले.

मी तिकिटासाठी पर्समधले सुटे पैसे शोधू लागले.

"माह्यासाठी बोललीस. त्या दिवशी खोटं बोलली असती तर तो बोर्ड लागला असता." ते थांबले. "मले तुझी लाज नाही वाटली कधी. माझी वाटली. तू घरात सांगितलं, मी गावभर करून आलो. तू कदाचित म्हटलं होतं. मले ऐकू आलं होतं ते."

कंडक्टर आला, गेला. इतके दिवस मी ज्या गोष्टीखाली दबून वावरत होते तीच ते दुसऱ्या बाजूने उचलत होते, आणि आम्ही एकाच घरात राहत होतो. मला रडू आलं असतं तर सोपं झालं असतं. मला फक्त आणखी लाज वाटली.

"असे खरंच सापडतात का?" त्यांनी विचारलं.

"सापडतात. दुसऱ्यांनी शोधलेत."

"मग त्यातला एखादा सांग."

मी सांगितला. गर्दीत, हलक्या आवाजात, एका क्वेसारबद्दल, ज्याच्या लहरी निघाल्या तेव्हा विश्वात जेमतेम पहिल्या आकाशगंगा जमत होत्या. तो पहिल्यांदा कसा दिसला, कितीदा तपासला, वेगवेगळ्या दुर्बिणींनी कसा पुन्हा पुन्हा तिथेच सापडला. बाबा मध्ये मध्ये विचारत होते. तिथे पोचायचं म्हटलं तर? आज तो तिथे असेल का? माहीत नसेल तिथे मी माहीत नाही म्हणाले. कॉलनीच्या फाटकाशी उतरल्यावर ते त्यांच्या जुन्या बाकाजवळ क्षणभर उभे राहिले. बाकावर कुणी नव्हतं.

"हे मी कोणाले सांगणार नाही," ते म्हणाले.

आणि त्यांनी शेवटपर्यंत कुणालाही सांगितलं नाही.